व्हर्नाची फुली

व्हर्ना स्टकीचं काम सोपं होतं. ओहायोतल्या त्या विद्यापीठात खेळाडू पोरं वर्गाला बसतात की दांडी मारतात, ते बघायचं. हातात यादी घेऊन ती वर्गाच्या दाराशी उभी राहायची, काचेतून आत डोकावायची आणि नावापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली मारायची. यासाठी तिला तासावर पगार मिळायचा, दरवर्षी आजारपणाची रजा होती आणि गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं.

चाळीस वर्षांपूर्वी ती याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात होती. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असायची; पुढच्या वर्षी ती मिळाली नाही. पदवी अर्धी राहिली आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया बापाने ट्रक विकून करवली. आता एकसष्टाव्या वर्षी जिना उतरताना ती आधी डावा पाय टाकायची, मग कठडा धरून उजवा.

जोसलिन ब्रँट तिच्या डोळ्यांत खुपायची ती यामुळेच. पोरगी व्हर्नाच्याच जागी खेळायची. गावातल्या बसवर तिचा फोटो होता, मोटारींच्या जाहिरातीचा. खाली पांढरीशुभ्र नवी गाडी. आणि एवढं असून आता संघातल्या अकराही जणींनी कामगार मंडळाकडे अर्ज केला होता: आम्ही नोकर आहोत, तसं मान्य करा, दुखापतीचा खर्च द्या.

"नोकर म्हणे!" जेवताना व्हर्ना नवऱ्याला म्हणाली. "बसवर नाचतायत, अजून काय हवंय?"

रॉयने मक्याचा पाव मोडला. "तुला कोणी बसवर चढवलं नाही, हेच दुखतंय तुझं."

"बीन्स घे गुमान."

मंगळवारी सकाळी आठला संख्याशास्त्राचा वर्ग होता. जोसलिन वेळेवर आली. केस ओले होते, हातात केळं होतं, आणि ती मागच्या रांगेत बसली. काचेतून व्हर्नाला बघून तिने हातही हलवला. व्हर्नाने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि फुली मारली.

संघाचा नियम पक्का होता. एकीची दांडी पडली की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सगळ्यांनी मैदानाच्या पायऱ्या पळायच्या. अकराही जणी पळाल्या. दव पडलं होतं. पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा पाय घसरून घोटा मुरगळला.

दोन दिवसांनी जोसलिन व्हर्नाला शोधत आली.

"मिस व्हर्ना, मंगळवारी मी वर्गात होते हो. कोच म्हणाल्या, कागदावर फुली आहे, संपला विषय."

"असं?" व्हर्नाने यादीतून मान वर केली नाही.

"चुकलं असेल तुमचं, होतं असं. मी भांडायला नाही आले. सोमवारी सुनावणी आहे. विद्यापीठ म्हणतंय, आम्ही हौसेने खेळतो, आमच्यावर कसली सक्ती नाही. तुमच्या या कागदाने काय होतं, तेवढंच तिथे येऊन सांगाल?"

"माझी नोकरी जाईल, पोरी."

"हो," जोसलिन म्हणाली. "आम्हालाही तीच हवीय, नोकरी."

त्या मोठ्या मनानेच व्हर्नाची जास्त चिडचिड झाली. पोरीने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रॉयला तिने काही सांगितलं नाही. मुरगळलेला घोटा मात्र दोन दिवस मनातून जाईना.

सोमवारी ती गेली. सुनावणीची खोली लहान होती, कॉफी पाणचट. विद्यापीठाचे वकील अदबीने बोलत होते.

"मॅडम, हजेरी मुलींच्याच भल्यासाठी घेतात ना? शिक्षण व्हावं म्हणून?"

"घेतात त्यासाठीच."

"मग पायऱ्या पळणं म्हणजे संघाची शिस्त. जिने दांडी मारली तिची चूक."

"तिने दांडी मारली नव्हती," व्हर्ना म्हणाली.

वकील थांबले. "म्हणजे तुमची नजरचूक?"

"नजर चांगली आहे माझी. ती बसलेली मला दिसली. मुद्दाम मारली फुली."

समोर बसलेल्या अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

व्हर्नाने जोसलिनकडे पाहिलं. "तिचे दोन्ही गुडघे धड आहेत म्हणून."

अधिकारी बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"आणि तुम्हाला कोणी विचारलं नाही, ती खरंच गैरहजर होती का?"

"कोण विचारणार? मी नोकर आहे, माझा कागद खरा. त्या अकरा जणींनी एका तोंडाने सांगितलं असतं तरी पायऱ्या चुकल्या नसत्या. हे भल्यासाठी असेल तर असेल. माझ्या वेळीही असंच होतं."

बाहेर व्हरांड्यात जोसलिन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

"हे आधी आम्हाला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "तिचा घोटा अजून सुजलाय."

जोसलिन वळली. बाकीच्या दहा जणी दाराशी तिची वाट पाहत होत्या. लंगडणारीला दोघींनी खांद्याचा आधार दिला आणि सगळ्या मिळून बाहेर पडल्या.

व्हर्नाने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. ते उद्या मागून घेणारच होते. तिला बसवरच्या फोटोचा हेवा आता वाटत नव्हता. त्या दहा जणींचा वाटत होता. तिचा गुडघा गेला त्या दिवशी दाराशी कोणी थांबलं नव्हतं.

मग जिन्याशी येऊन तिने कठडा धरला, आधी डावा पाय टाकला.