बाहीवरचा चुरा

१. मुलगी, वय चार. डावीकडच्या दोन दाढा किडलेल्या. औषधाने गुंगी देऊन काम करायचं ठरलं. वेळ सकाळी दहा.
२. रात्रीच्या जेवणानंतर मुलीला काही खायला द्यायचं नाही, हे आईला माहीत होतं.
३. सकाळी सव्वासातला आजीने दोन बिस्किटं आणि अर्धा पेला दूध दिलं.
४. रिक्षात आईला मुलीच्या बाहीवर बिस्किटाचा चुरा दिसला. तिने तो झटकला.
५. दवाखान्यात आईने सांगितलं, मुलगी उपाशी आहे.
६. डॉक्टरांनी मुलीला विचारलं. मुलीने खरं सांगितलं.
७. काम रद्द झालं.

हे टिपण डॉ. मंदाकिनी भोपी यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. त्यातली आई मी आहे. मी भूलतंत्रज्ञ आहे, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली यंत्रं आणि ऑक्सिजन सांभाळते. भोपी मॅडम भूलतज्ज्ञ आहेत; त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम करते आहे. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा लिहिण्यासारखं माझ्याकडे हेच होतं.

मॅडमची पहिली भेट उल्हासनगरच्या एका दंतचिकित्सालयात झाली. पाच वर्षांचा मुलगा होता, सोबत आईवडील आणि सिंधी आजी. माझ्याकडच्या फॉर्मवर ‘उपाशी आहे’ यापुढे खूण झालेली होती. मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला, आजींच्या शेजारी बाकावर बसल्या आणि विचारलं, “अम्मा, आज भगवान को क्या चढाया?” आजींनी आनंदाने सांगितलं, दूध-पेढा; आणि प्रसाद नातवाला दिल्याशिवाय घरातून कसं निघायचं? मुलाच्या आईने कपाळाला हात लावला. मॅडम चिडल्या नाहीत. गुंगीत पोटातलं वर आलं तर ते श्वासाच्या नळीत जातं, एवढंच त्यांनी आजींना सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, “‘उपाशी आहे ना?’ असं विचारलं की लोक ‘हो’च म्हणतात. आपल्याकडे लेकराला उपाशी ठेवणारी आजी मी अजून बघितली नाही.”

तेव्हापासून त्यांची पद्धत मी पाहत आले. कामाच्या दिवशी सकाळी सहाला त्या घरी फोन करतात, आणि तो घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला. मांजर्लीतल्या आगरी घरात फोन लागला तर “काय गो बाय, उठलीस का?” अशी सुरुवात होते आणि भाताच्या लावणीपर्यंत गप्पा जातात. मॅडम स्वतः शेतकरी घरातल्या आहेत. त्या गप्पांत त्या मुलापुरता स्वयंपाकघराचा दरवाजा कसा बंद करून घेतात, ते मला अजून जमलेलं नाही.

मॅडम गोड बोलत नाहीत. “काळजी करू नका” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. काम चालू असताना त्या मुलाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजतात. समोर यंत्र असताना हात कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “यंत्र सांगेल, पण थोडं उशिरा.” हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण हात कधी ठेवला नव्हता.

आता माझ्या मुलीबद्दल. आम्ही शिरगावला राहतो. ती दाढदुखीने दोन रात्री झोपली नव्हती. आधीची तारीख तिच्या सर्दीमुळे हुकली होती. रिक्षात चुरा दिसला तेव्हा मी मनाशी म्हटलं, एका बिस्किटाने काय होतं. हे वाक्य मी शेकडो पालकांकडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला उत्तर दिलं होतं.

त्या सकाळी मॅडमनी आमच्या घरी फोन केला नव्हता. माझंच घर, म्हणून त्यांना गरज वाटली नाही. ती चूक आपली, असं त्यांनी नंतर सगळ्यांसमोर सांगितलं. अंबरनाथ पश्चिमेच्या दवाखान्यात मात्र त्या मुलीसमोर उकिडव्या बसल्या आणि विचारलं, “आजीने आज कुठलं बिस्किट दिलं?”

“गोल. दोन. आणि दूध.”

दुधाचं मलाही माहीत नव्हतं.

मॅडमनी मुलीला दुखणं थांबायचं औषध दिलं. संध्याकाळी मला कागद घेऊन बसवलं. असं काही घडलं की टिपण लिहायचं, नाव आणि विशेषण न घालता, ही त्यांची शिस्त आहे. चौथ्या मुद्द्यात मी ‘नकळत झटकला’ असं लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला.

“श्रुती, चुरा तू बघून झटकलास. आई म्हणून आली होतीस, तर आईसारखं घाबरायचं. लपवायचं नाही.”

पुढच्या आठवड्यात सहाला फोन आला, सासूबाईंना. वीस मिनिटं बोलणं चाललं होतं. त्यानंतर सासूबाईंनी बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली आणि आम्ही निघेपर्यंत माझ्याकडेच संशयाने पाहत राहिल्या.

दवाखान्यात मॅडमनी मला बाहेर बसवलं. दार लावायच्या आधी मी विचारलं, “परत जागी होईल ना?” सहा वर्षं या प्रश्नाला मी फॉर्मवरचं उत्तर वाचून दाखवत होते. मॅडम म्हणाल्या, “ती जागी होईपर्यंत मी तिच्या शेजारून उठणार नाही.” आणि दार लावलं. चाळीस मिनिटांनी मुलीने आत पाणी मागितलेलं मला ऐकू आलं.

साठीनंतर काम कमी करण्याचा मॅडमचा विचार आहे. तो योग्य आहे. त्यांचे गुडघे ठीक राहोत, त्यांना पुष्कळ वर्षं मिळोत, आणि सकाळी सहाला कुणाला फोन न करता चहा पिता येवो.

तरीही, मॅडम, एक विनंती. हा ग्रंथ रविवारच्या समारंभात आपल्या हाती येईल. माझ्या मुलीची उजवीकडची एक दाढ बाकी आहे. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दहाची वेळ मिळते आहे. मी बाहेर बसेन. फोन सासूबाईंनाच करावा. आपण याल का, ते बुधवारपर्यंत कळवावे.