सबब विनंती की

भाडेकरू कायदा, त्याचं अर्थकारण आणि त्यामागचं राजकारण यांवर मी पंचवीस वर्षं संशोधन करतोय. एवढ्या वर्षांत माझा निबंध शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस एकच भेटला. तो गिरगावात, कोर्टामागच्या गल्लीत, लोकांचे अर्ज टाइप करून देतो.

परिसंवाद उद्यावर आला होता आणि मला मराठी टायपिंग येत नाही. मी वाचून दाखवत होतो. तो चष्मा कपाळावर चढवून, कीबोर्डकडे न बघता टाइप करत होता. नजर माझ्या तोंडावर, अशील खोटं बोलतोय का हे बघितल्यासारखी. बाराव्या पानाच्या शेवटी त्याची बोटं थांबली.

"साहेब, मागणी राहिली."

"कसली मागणी? निबंध आहे हा."

"बारा पानं झाली, आणि मागायचं काहीच नाही?"

मी त्याला संशोधकाच्या तटस्थतेवर छोटंसं व्याख्यान दिलं. "बरं," म्हणत त्याने प्रिंट काढून दिली. मी ती न बघताच पिशवीत टाकली. माझं लिखाण परत वाचायची सवय मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर वाचता वाचता शेवटची ओळही तोंडातून निघून गेली : "सबब विनंती की, अर्जदाराचे म्हणणे एकदा तरी ऐकून घ्यावे."

डुलक्या घेणारं सभागृह खडबडून जागं झालं. अध्यक्ष खुर्चीत सरसावून बसले.

"हं, बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

मी पानं उलटून शोधू लागलो.