धसईची चोरी आणि चांदीचा भाव

ती घटना आठवली की आजही धसईच्या बाजारात धूळ उडवत येणारी उतारूंची सर्व्हिस मोटार डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच सुरू झाली होती आणि मी मुरबाड ठाण्यावर फौजदार होतो. धसईचा एक तांदळाचा व्यापारी, त्याला नुसते शेठ म्हणू, फिर्याद घेऊन आला. बायकोचे दागिने पेटीतून गेले आणि चोर आपला घरगडीच, असे त्याने ठासून सांगितले.

पंचनाम्यात पेटीचे कुलूप शाबूत निघाले. किल्लीची जागा घरातल्यांनाच ठाऊक, म्हणून मी गड्याला कोठडीत घातले. प्रकरण लवकर निकालात काढा, असा वरून तगादा होता. गडी मात्र एकच सांगे, "आमी दागिन्याला हात नाय लावला." खोटे बोलणारा दर जबाबात काहीतरी भर घालतो, याने एक शब्द वाढवला नाही. त्याची बायको रोज ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसे. गुन्हा शाबीत झाला असता तर त्याला तुरुंग होता आणि तिला त्यांच्या डोंगरावरच्या गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. माझी खात्री पटल्याशिवाय दोषारोपपत्र पाठवायचे नाही, असे मी ठरवून टाकले. वरिष्ठांना तसे कळवलेही.

मग धसईच्या हॉटेलवाल्याने हळूच कानावर घातले, की मोटार येताना शेठचे तोंड एकदा बघा. पुरवणी जबाबाचे निमित्त करून मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. शेठ दागिन्यांचे वर्णन देत होता. मोटार वळणावर आली, ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढली आणि शेठचे बोलणे जागीच थांबले. गिऱ्हाइकावर उगाच खेकसून तो येरझाऱ्या घालू लागला. आत्ता कोणता दागिना सांगत होता, हेही त्याला आठवेना. चोरी झालेल्या माणसाला चोरीपेक्षा टोपीची काळजी, हे काही मला पटले नाही.

ड्रायव्हरला बाजूला घेतले तेव्हा उलगडा झाला. शेठने मुंबईच्या दलालामार्फत चांदीचा वायदा केला होता. म्हणजे चांदी पुढे घ्यायची, पण भाव आजच बांधायचा, आणि मधे भाव पडला तर फरक भरायचा. कल्याणहून निघताना ड्रायव्हर भाव विचारून घेई. चढला तर टोपी डोक्यावर, पडला तर हातात. मोटार थांबेपर्यंतही शेठला दम निघत नसे, म्हणून ही खूण.

"लय दिस डोकं उघडंच हाय माझं," ड्रायव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठला ठाण्यात बोलावले आणि रस्त्याकडे पाठ करून बसवले. मोटारीचा भोंगा ऐकू आला तसा मी आवाज न चढवता म्हणालो, "मागे वळू नका. माझ्याकडे बघा आणि सांगा, दागिने कुठे आहेत?"

मागे न वळण्याचा त्याने फार प्रयत्न केला. मान दोनदा वळता वळता राहिली, मग त्याने तोंड ओंजळीत झाकले.

"फरक भरायला कल्याणच्या सराफाकडं गहाण ठेवलेत. भाव पडला की राग यायचा, साहेब. रागानं अजून चांदी घ्यायचो."

भाचीच्या लग्नासाठी बायको पेटी उघडणार, तेव्हा घाबरून त्याने गड्याचे नाव पुढे केले होते. खोट्या फिर्यादीबद्दल मी त्यालाच कोठडीत घातले. गडी बाहेर पडला आणि शेठकडे न बघता बायकोला घेऊन चालता झाला. मला त्या दिवशी मनापासून बरे वाटले.

लोभाला आपण फार नावे ठेवतो. मला त्या प्रकरणाने निराळेच शिकवले. शेठला खड्ड्यात घातले ते नुकसानीने नव्हे, नुकसान झाल्यावर स्वस्थ बसता न येण्याने. पुढे मीही संतापात असताना कुणाचा जबाब घेतला नाही. बाहेर जायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि मगच खुर्चीत बसायचे, हे मी कटाक्षाने पाळले. आज शेअरचे व्यवहार करणारे कुणी सल्ला विचारतात, त्यांनाही एवढेच सांगतो.

त्या दुपारी शेठची बायको ठाण्यात आली. गळ्यात दागिना नाही, डोळे लाल. नवऱ्याला जाब विचारायला आली होती आणि तो तिचा हक्कच होता. मी तिला कोठडीपाशी नेले. शेठ उघड्या फरशीवर गाढ झोपला होता. त्याला उठवू का, असे मी विचारले.

तिने गजांतून आत डोकावून पाहिले.

"नको, साहेब," ती म्हणाली. "चांदी घेतल्यापासून आजच झोपलेत."