निगेटिव्ह दाखला

खराडीला आमच्या कंपनीत वर्षातून एकदा सगळ्यांना महिला सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. प्रशिक्षण म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर चित्रं येतात, चित्रातला साहेब चित्रातल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवतो आणि खाली पर्याय येतात. बरोबर पर्यायावर क्लिक केलं की हिरवी खूण उमटते. आजूबाजूची मुलं चहा पिता पिता ते उरकून टाकतात. मीही उरकते. पण त्या हिरव्या खुणेपाशी दर वर्षी माझं डोकं फिरतं आणि मग दिवसभर मी कुणाशी धड बोलत नाही. टीममधली पोरं म्हणतात, आज मॅडमचा मूड ऑफ आहे. असू दे.

मी महादेव कोळी, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली. बारावीनंतर पुण्यात आले ती आदिवासी मुलींच्या सरकारी वसतिगृहात. वसतिगृह कसलं, बिबवेवाडीतल्या एका गल्लीत भाड्यानं घेतलेली इमारत होती. खाली हार्डवेअरचं दुकान आणि पिठाची गिरणी, वर आम्ही. गिरणी सुरू झाली की खिडकीची तावदानं थरथरायची आणि वाळत घातलेल्या ओढण्यांवर पांढरा थर बसायचा. गल्लीतल्या बायका चौकशी करायच्या, "कुठल्या गं तुम्ही?" आदिवासी म्हणून सांगितलं की म्हणायच्या, "हो का? वाटत नाही हो." वाटायला काय आम्ही डोक्यात पिसं खोचून कॉलेजला जायचं होतं?

माझ्या खोलीतली मैत्रीण ठाकर समाजाची होती, आमच्या पलीकडच्या खोऱ्यातली. तिच्या वाडीतून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष लागणार होतं आणि जोडीला ती कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. कोर्सच्या ठिकाणी मशिनं थोडी आणि मुलं फार, म्हणून ही टायपिंगचा सराव मिळेल तिथं करायची. जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालायची, झोपेत चादरीवर चालायची. शहराच्या कडेला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि पेपरात रोज त्यांचे फोटो यायचे. ती म्हणायची, "त्या काचंच्या आत बसायचंय मला. थंडगार. घामच नाय यायचा." त्यासाठी तिला एक वर्ष हवं होतं आणि वर्षभर राहायला वसतिगृहातली ती खाट हवी होती. पुण्यात खोली भाड्यानं घेऊन शिकणं तिच्या काय, आमच्यापैकी कुणाच्याच बापाला जमणारं नव्हतं.

त्या सुमारास राज्यातल्या आश्रमशाळांमधली वाईट प्रकरणं पेपरात येत होती. लहान लहान मुलींच्या बातम्या होत्या त्या. आम्ही त्या पेपरची घडी घालून वाचायचो, शेजारचीला दिसू नयेत म्हणून. मग सरकारनं मनावर घेतलं. समित्या झाल्या, जिन्यात तक्रारपेटी लागली, फाटकावर वेळेची पाटी लागली. आणि एक नियम आला, की मोठ्या सुट्टीवरून परत येणाऱ्या प्रत्येक मुलीनं सरकारी दवाखान्यातून तपासणीचा दाखला आणायचा. कसली तपासणी, तर पोटात मूल नाही ना याची. त्याचा सरकारी कागद मी तेव्हा पाहिला नाही, आजपर्यंत पाहिलेला नाही. गृहपाल मॅडम म्हणायच्या, "वरून आलंय." वरून आलेल्या गोष्टीला खालच्यांनी काय विचारायचं? मुलांच्या वसतिगृहाला असलं काही नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

मे महिन्यात आम्ही सगळ्या घरी जायचो. आमच्याकडे तेव्हा हिरड्याचा हंगाम असतो, पोरीबाळींसकट सगळं घर रानात असतं. पण त्या वर्षी माझी मैत्रीण हिरड्याला गेली नाही. त्यांच्या वरच्या माळाला कुंपण पडलं होतं. आदिवासीची जमीन विकता येत नाही म्हणतात, तरी कशी कोण जाणे, तिथं पुण्याच्या एका बिल्डरचं फार्महाऊस उभं राहिलं होतं. तिचे वडील तिथंच राखणीला लागले. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या यायच्या, तेव्हा भाकऱ्या थापायला तिच्या आईला बोलावणं यायचं, आणि आईच्या मदतीला ही जायची.

जूनमध्ये आम्ही दवाखान्याच्या रांगेत उभ्या होतो तेव्हा तिनं मला सांगितलं. सिस्टरनं मोठ्यानं हाक दिली होती, "हॉस्टेलवाल्या पोरी इकडं!" आणि बाकड्यांवरचे सगळे पेशंट माना वळवून आमच्याकडे आणि आमच्या हातातल्या बाटल्यांकडे बघत होते. एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, "एवढ्या सगळ्यांची लग्नं झालीत?" मी हसले. मैत्रीण हसली नाही. बाटलीचं झाकण उघडबंद करत ती हळूच म्हणाली, "मालकाच्या भाच्यानं मला मागच्या खोलीत वढलं. आई चुलीपाशी व्हती. गाणी मोठ्यानं लावल्याली." पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. आता तपासणीत काही निघालं तर? मागच्या वर्षी एका मुलीचा दाखला वाईट आला होता. दुसऱ्या दिवशी तिची खाट रिकामी होती आणि तिच्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

निगेटिव्ह आला. जीव भांड्यात पडला आमचा. दवाखान्याबाहेरच्या गुऱ्हाळावर आम्ही दोघींनी उसाचा रस प्यायला, तिनं बर्फ जास्त घालून घेतला. आम्हाला वाटलं, सुटलो. हा निगेटिव्ह तिच्याच गळ्याशी येईल, असं कुणाच्या मनात येणार होतं?

पावसाळा सरता सरता वसतिगृहात सुरक्षा समिती आली. जेवणाच्या खोलीत सतरंजी घातली, मागे बॅनर लावला, पाहुण्यांना चहा आणि वेफर्स दिले. अध्यक्ष म्हणून आलेल्या अधिकारी बाई खरोखर गोड बोलायच्या. म्हणाल्या, "बाळांनो, शासन तुमच्या पाठीशी आहे. कुणी त्रास दिला असेल तर बिनधास्त सांगायचं. आम्ही त्याचसाठी आलोय." अशा वेळी काय करायचं असतं ते आम्हाला माहीत होतं. खाली बघायचं, आभारप्रदर्शन होऊ द्यायचं, फोटोला उभं राहायचं. माझी मैत्रीण उठून उभी राहिली. तिला ते सगळं खरंच वाटलं होतं. "मला त्रास दिलाय," ती म्हणाली.

मॅडमनी तिला घाईघाईनं ऑफिसात नेलं. सोबत म्हणून मी गेले, मला कुणी अडवलं नाही. आत अधिकारी बाई, मॅडम, समितीतले एक गृहस्थ आणि क्लार्क. तिनं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याहून जास्त. बाई ऐकत होत्या, त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी विचारलं, "कधीची गोष्ट ही?"

"मे महिन्यातली."

हे ऐकल्यावर मॅडमचा चेहरा उजळला. हो, उजळलाच, मी समोर उभी होते. "मे ना? मग थांबा," म्हणत त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि तिचा दाखला टेबलावर ठेवला. "हा जूनचा. निगेटिव्ह आहे."

दाखला सगळ्यांच्या हातातून फिरला आणि ज्याच्या हातात जाईल तो सैल होऊन मागे टेकत गेला. गृहस्थ म्हणाले, "मग प्रश्न काय आहे?" अधिकारी बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, रिपोर्ट चांगला आहे तुझा. तुला काही झालेलं नाही."

"झालंय ना मॅडम," ती म्हणाली. "पोट नाय ऱ्हायलं, येवढंच."

मला भाच्याचा राग होताच, पण त्या क्षणी त्या दाखल्याचा त्याहून जास्त आला. फाडून टाकावासा वाटला. काय नियम केला होता बघा! पॉझिटिव्ह निघाली तर पोरगी वाईट, तिला काढा. निगेटिव्ह निघाली तर काही घडलंच नाही, पोरगी खोटं बोलते. मुलींवर अत्याचार होतात म्हणून केलेल्या नियमात जिच्यावर अत्याचार झाला तिला पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "पोलिसांत तक्रार तरी द्या." क्लार्क माझ्याकडे बघून म्हणाला, "आपण वकील का? आम्हाला कल्पना नव्हती." घटना सुट्टीत घडली, घरी घडली, वसतिगृहाचा संबंध येत नाही, असं ठरलं. अधिकारी बाई जाताना म्हणाल्या, "काळजी घ्या हिची." कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच पोलीस चौकीत गेलो. हवालदारानं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "पुण्यात घडलंय?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग पुण्यात कशाला रडताय? तुमच्या तालुक्याला जा, हद्द त्यांची." तालुक्याच्या ठाण्यातले लोक शनिवारी कुठं जेवायला असतात, हे तिला फार्महाऊसवर वाढून वाढून पाठ झालं होतं. परत येताना सगळ्या वाटेत तिची टायपिंगची बोटं गप्प होती.

आठवडा उलटायच्या आत मॅडमनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली तरी ते दारापाशी भुईवर बसले. मॅडम म्हणाल्या, "हिचं मन थाऱ्यावर नाही. थोडे दिवस घरी न्या, आईजवळ राहू दे. तिथं सुरक्षित राहील." थोडे दिवस म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जास्त दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी होतं, आणि खाट मिळावी म्हणून वाट बघणाऱ्या मुली बाहेर होत्याच. वडील मान खाली घालून म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, बाई." ज्या माणसाच्या दारात राखण करायची त्याच्या भाच्याविषयी त्यांनी तोंड उघडावं, अशी अपेक्षा मी तेव्हा केली होती. वय लहान होतं माझं.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती तपासणी बंद झाली म्हणून वाचलं. अशी चाचणी घेऊ नये, मुलींचा अपमान होतो, असं वरूनच आलं. मला बरं वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. कंपनीच्या कँटीनमध्ये ती बातमी वाचत बसले आणि जेवण गार झालं. पण अपमान हा शब्द मला फार छोटा वाटला. अपमान तर गल्लीतल्या बायकाही करायच्या. त्या दाखल्यानं माझ्या मैत्रिणीचं तोंड बंद केलं होतं, तेही शिक्क्यासकट. बातमीत तेवढं कुणी लिहिलेलं नव्हतं.

तिला सोडायला मी शिवाजीनगरच्या स्टँडवर गेले होते. तिची पत्र्याची पेटी वडिलांच्या खांद्यावर होती. तिनं वसतिगृहाची पुस्तकं बरोबर घेतली होती, मॅडमना न सांगता, कारण ती परीक्षेला येणार होती. "वर्ष वाया नाय जाऊ देनार मी," ती म्हणाली. "फॉर्म भरून ठेव माझा." मी हो म्हटलं. फॉर्म मी भरला. ती आली नाही, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि दोघीही रडलो नाही. गाडी लागली, ती खिडकीशी बसली, मी खाली उभी राहिले. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटं देत मागं आला. वडिलांनी वाडीचं नाव सांगितलं. कंडक्टरला ते नाव माहीत नव्हतं. नवा होता, पुण्याकडचाच असावा. त्यानं परत विचारलं, वडिलांनी परत सांगितलं, मागच्या बाकावरचा एक जण मदतीला म्हणून ओरडला, "अहो, ते बिल्डरचं फार्महाऊस नाही का!"

"मग तसं सांगा ना, बाबा," कंडक्टर म्हणाला. "गाडी त्यांच्या गेटसमोरच थांबते. अगदी दारात सोडतो तुम्हाला. किती?"

"दोन," तिचे वडील म्हणाले.