पहिलं पाणी

माझा दादा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. कशावरून, असं विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. स्थळ बघायला गेलो तेव्हा वहिनीचे वडील म्हणाले, मुलगी शांत स्वभावाची आहे. तर यानं तिथंही विचारलं. आईनं टेबलाखालून असा चिमटा काढला की गडी कळवळला. वहिनी तेव्हा खूप हसली होती.

लग्नाच्या बाराव्या वर्षी वहिनी म्हणायला लागली, पाण्याला गटाराचा वास येतो. दादानं महिन्याभरात चार नमुने घेतले, सगळे नियमाप्रमाणे. नळाचं तोंड ज्योतीवर भाजायचं, तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मगच बाटली भरायची, म्हणजे नळाची घाण नमुन्यात येत नाही. चारही स्वच्छ निघाले. जिन्यात भेटेल त्याला हा अहवाल दाखवायचा. निदान आपल्या पोरीपुरतं तरी उकळते, असं वहिनी म्हणाली, तर यानं तिला वेड्यात काढलं. नाकानंच पाणी तपासायचं तर प्रयोगशाळेला टाळं लावा म्हणाला. मीही हसले. आज माझीच मला लाज वाटते.

नऊ वर्षांची आमची पोर. ताप हटेना, टायफॉइड निघाला. आतड्याला भोक पडलं, ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

दादा कामावर जाईना, स्वयंपाकघरात नुसता बसून राहायचा. एका सकाळी त्यानं पाहिलं, पाणी यायच्या आधीच वहिनीनं नळाखाली पिण्याचा हंडा लावून ठेवला होता.

"पहिलंच पाणी भरतेस?"

"मग काय सोडून देऊ? वरच्या मजल्यावर अर्धा तास येतं."

बारा वर्षं एका घरात राहून त्याला हे माहीत नव्हतं. पाणी यायच्या वेळी हे साहेब अंघोळीला, नाहीतर पेपरात.

मग तो उठला. पाच दिवस रोज दोन बाटल्या भरल्या, एक पहिल्या धारेची, एक तीन मिनिटांनंतरची. नळ मात्र दोन्ही वेळा आधी भाजलेला, म्हणजे दोष नळाच्या तोंडावर जाऊ नये. पहिल्या धारेच्या पाचही बाटल्या दूषित निघाल्या. नंतरच्या पाचही स्वच्छ. खणलं तर गटाराला चिकटून गेलेला पाइप तडकलेला. पाणी बंद झालं की घाण आत शिरायची आणि सकाळी पहिल्या धारेबरोबर वर यायची. दादानं स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना हे सांगितलं. प्रयोगशाळेतल्या त्याच्या साहेबांनी त्याला समजावलं, एवढ्यावरून तुझ्या मुलीचं काही सिद्ध होत नाही, तिनं शाळेत, बाहेर, कुठंही पाणी प्यायलं असेल. आणि ते खरंच होतं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मी तिथंच भाजी चिरत होते.

"तेव्हाच एक बाटली अशी भरली असती तर वाचली असती का हो ती?"

सांगता येत नाही, एवढंच म्हणायचं होतंस रे दादा. त्यात खोटं काही नव्हतं.

"वाचली असती," दादा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा हा माणूस पुराव्याशिवाय बोलला. आणि वहिनीला ते लगेच पटलं. ती आता तिच्या भावाकडे राहते.