ॲम्ब्युलन्स नाही, तर रेसही नाही

मंडळी, आज गडमुडशिंगीजवळच्या माळावर आमच्या हौशी बाइक रेसिंग संघटनेची स्पर्धा झाली. आम्ही सगळे नोकरीधंदा सांभाळून हे करतो. मी सचिव, त्यामुळे शिव्या माझ्या वाट्याला.

फायनलच्या गाड्या रांगेत लागल्या आणि शेजारच्या वस्तीवरून एकजण धावत आला. त्याच्या आईच्या छातीत कळ आली होती. आमची ॲम्ब्युलन्स लगेच पाठवली आणि रेस थांबवली.

बराच वेळ झाला तसं पब्लिक ओरडायला लागलं. प्रमुख पाहुणे तावातावाने माझ्याकडे आले. "मॅडम, एका रेसनं काय हुतंय? सोडा की गाड्या!"

"ॲम्ब्युलन्स आल्याबिगर एकबी गाडी सुटणार न्हाय साहेब." मीही आवाज चढवला.

तेवढ्यात चंदगडच्या संदीपने हेल्मेट काढलं. आज तोच जिंकणार, असं सगळे म्हणत होते. "मॅडमचं बरोबर हाय. पडलो तर आमीच पडणार की!" त्याने इंजिन बंद केलं. मग बाकीच्यांनीही केलं.

पाहुणे रागाने निघून गेले. थोड्या वेळाने ॲम्ब्युलन्स परतली. वस्तीवरच्या त्या काकू दवाखान्यात बोलत होत्या म्हणे. मग रेस झाली आणि संदीप दुसरा आला.

बक्षिसं कुणाच्या हस्ते द्यायची? आम्ही ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांनाच स्टेजवर बोलावलं. दिवसभरातल्या सगळ्यात जोरदार टाळ्या त्यांना पडल्या.

पाहुणे पुढच्या वर्षी येतील न येतील, नियम हाच राहणार. माझ्या जागी तुम्ही असता तर गाड्या सोडल्या असत्या का?