डुलकीचं कलम

कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्राच्या तासाला ती एकदा बाकावर अशी गाढ झोपली, की तास संपून वर्ग रिकामा झाला तरी तिला पत्ता नव्हता. त्या दिवशी तिचं नाव डुलकी पडलं ते पडलंच. एरवी वर्गात तिच्याइतकं लक्ष देणारं कुणी नव्हतं, पण ते कोण लक्षात ठेवणार?

पदवी मिळाली आणि पाठोपाठ लग्न झालं. नवरा पाणीपुरवठा खात्यात, त्यामुळे बदल्या पाचवीला पुजलेल्या. नवं गाव, नवं घर, मुलीची नवी शाळा. नोकरीचा विषय निघायचा आणि सामानाच्या बांधाबांधीत कुठल्यातरी खोक्याच्या तळाशी जायचा. वर्गमित्रांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये मात्र रोज काहीतरी नवं असे. कुणी उपसंचालक झाला, कुणाची फुलं विमानानं परदेशी चालली, कुणाला जुळं झालं, कुणाची लेक डॉक्टर झाली. डुलकी सगळ्यांचं मनापासून अभिनंदन करायची. "आणि तुझं काय?" असं कुणी विचारलं, की "आमचं छान चाललंय" एवढं लिहून कणीक मळायला घ्यायची. कुणाच्या चांगल्यावर तिच्या पोटात दुखत नव्हतं. पण ते तीन शब्द लिहिताना दरवेळी काहीतरी खुपायचं.

शेवटी नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या गावची बदली मिळाली आणि बिऱ्हाड सासूबाईंच्या घरी आलं. सासूबाईंनी उभं आयुष्य शिवणयंत्रावर काढलेलं. अर्धं गाव त्यांनी शिवलेले कपडे घालून मोठं झालं होतं. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या धाकट्या दिरानं गावाबाहेर पॉलिहाऊस उभारून टोमॅटो लावले होते.

एके दिवशी सकाळी दीर आला तो दारातच बसला.

"वहिनी, काल झाडं टवटवीत होती. आज बघतो तर सगळ्यांनी माना टाकल्यात. पान पिवळं नाही की कीड नाही. हिरवीच्या हिरवी सुकली."

"चला, दाखवा मला," म्हणत ती चप्पल घालून निघालीसुद्धा.

पॉलिहाऊसमध्ये तिनं एक झाड उपटलं, खोड कापलं आणि तुकडा पाण्याच्या पेल्यात उभा धरला. कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार पाण्यात उतरू लागली.

"मर रोग आहे, भाऊजी. जिवाणू मातीत बसलाय. फवारणीनं नाही जायचा."

"मग काय, माती बदलू?"

"माती कशाला? मुळं बदलू."

तिनं समजावलं, की रानवांग्याच्या मुळांना हा रोग सहसा जुमानत नाही. रोपं लहान असतानाच खाली रानवांग्याचा खुंट ठेवायचा आणि त्यावर टोमॅटोचा शेंडा बांधायचा.

संध्याकाळी नवऱ्यानं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे पायात चप्पल एकाची, डोक्यावर टोपी दुसऱ्याची!"

"हो, आणि मधला माणूस जगला पाहिजे. खरी गोम तिथेच आहे."

पहिल्या खेपेला मधला माणूस जगला नाही. दोन्ही बिया एकाच दिवशी पेरल्या होत्या. वांगं वाढायला आळशी, टोमॅटो भराभर उंच. दोन खोडांची जाडीच जुळेना, तर जोड कुठून धरणार? एकूण एक कलम वाळलं. डुलकीनं ट्रे धुतले आणि पुन्हा पेरणी केली. या वेळी वांगं आधी, टोमॅटो मागून.

जाडी जुळली, तरी तिचा हात काही स्थिर राहीना. सासूबाई शेजारी बसून केव्हापासून बघत होत्या.

"सूनबाई, असं आडवं काय कापतेस? तिरकं काप. तिरक्या कापाला काठ लांब मिळतो, जोड घट्ट बसतो."

"आई, आम्हाला शिकवलंय तेच. कळतंय सगळं, पण हातच ऐकत नाही."

"मग सरक तिकडे. दे ते पातं."

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि एका झटक्यात देठ कापला. शेंडा खुंटावर टेकवला, वर चिमुकली क्लिप लावली. बाहेरून कळूसुद्धा नये, असा जोड. त्या दिवसापासून कापायचं काम त्यांचं. बाकी सगळं डुलकीचं: पेरणी, जाडी पाहणं, ओल राखणं.

नव्या कलमांना आधी अंधार आणि दमट हवा लागते. घरात तशी जागा एकच होती, न्हाणीघर. खिडकीला काळा कागद लागला, जमिनीवर गरम पाण्याच्या बादल्या आल्या, आणि घरच्यांची आंघोळ दिराकडे. नवरा खांद्यावर टॉवेल टाकून रस्ता ओलांडू लागला की शेजारी विचारायचे, "काय साहेब, पाणीपुरवठ्याच्याच घरी पाणी नाही?" कॉलेजला जाणारी लेक तर वैतागलीच. "मैत्रिणींना काय सांगू? आमच्या बाथरूममध्ये टोमॅटो आजारी आहेत?"

तरी दार उघडलं त्या सकाळी सगळ्यांत पुढे तीच होती. "आई, उभी आहेत!" ती ओरडली. ट्रेमागून ट्रे, सगळी रोपं ताठ, आणि शेंड्यावर कोवळी नवी पानं फुटलेली.

डुलकीनं हट्टानं त्याच रोगट मातीत एक ओळ कलमांची आणि शेजारची साध्या रोपांची लावली. "साधी कशाला वाया घालवायची?" दीर कुरकुरला. "शेजारी शेजारी दिसू दे," ती म्हणाली. आणि दिसलं. साध्या रोपांनी फुलं येण्याआधीच माना टाकल्या. कलमं मात्र तारेपर्यंत चढली आणि घडांनी वाकली. दीर त्या दोन ओळींमधून नुसताच येरझाऱ्या घालत होता. मग थांबून म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी सगळी तुमचीच."

लेकीनं फोटो काढला आणि आईला न विचारता आईच्याच फोनवरून ग्रुपमध्ये टाकला. उत्तर आलं ग्रंथराजाचं. पुस्तकातून मान वर न काढणारा हा वर्गातला पहिला आता वनस्पतिरोगांचा मोठा अधिकारी होता. तो स्वतः गाडी काढून आला. त्यानं पेला मागितला, कलमाचं खोड कापून पाण्यात धरलं आणि घड्याळाकडे न बघता बराच वेळ थांबला. पाणी नितळच राहिलं.

"डुलके, आमच्या संशोधन केंद्रात निम्मी कलमं दगावतात. तुझी?"

"आईंना विचार. एक जरी मेलं तरी त्यांना घास गोड लागत नाही."

"इतकी वर्षं कुठे झोपली होतीस?"

"झोपते कुठली? सामान बांधत होते!" ती म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसले.

त्या वर्षीच्या वर्गमेळाव्यात प्रत्येकानं माईकवर येऊन आपली खबर द्यायची होती. पदं सांगून झाली, नातवंडं सांगून झाली. डुलकी उठली ती सासूबाईंचा हात धरूनच. थोडक्यात सगळं सांगितलं. पहिली खेप वाळली तेही लपवलं नाही. मग मंचावर ट्रे ठेवला. सासूबाईंनी भरल्या सभागृहासमोर एक कलम बांधलं, आणि मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले. टाळ्या थांबेनात. फुलं निर्यात करणारी मैत्रीण गर्दीतून वाट काढत आली आणि माईक चालू असतानाच म्हणाली, "मी आता मिरच्याही लावल्यात, त्यांनाही जमेल का गं?" त्यावर डुलकीनं मिरचीला कुठला खुंट चालेल ते इतक्या झोकात सांगितलं, की ग्रंथराज खाली बसून लिहून घेत होता.

आता पॉलिहाऊसच्या शेजारी रोपांची स्वतंत्र शेड आहे. न्हाणीघर घरच्यांना परत मिळालं. शिवणयंत्रावर हात बसलेल्या बायका सासूबाईंनी हेरून हेरून आणल्या. पेरणीपासून पाठवणीपर्यंतचा कारभार डुलकीचा. आसपासच्या गावांत टोमॅटो लावायचा म्हटलं की लोक आधी तिला फोन करतात.

मागच्या महिन्यात तिच्याच महाविद्यालयाची मुलं सहलीला आली. सासूबाईंनी त्यांना एकेक करून पातं धरायला शिकवलं, चुकलं की हातावर चापटही दिली. एका मुलीनं भीत भीत विचारलं, "आजी, तुम्ही आमच्याच कॉलेजच्या का? कुठल्या वर्षीच्या?"

"मी? हिच्याच वर्गातली," त्या डुलकीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मुलीनं गोंधळून डुलकीकडे पाहिलं. डुलकीनं गंभीरपणे मान हलवली, आणि पुढचा ट्रे त्या मुलीसमोर सरकवला.